गप्प असलेला आधी

बसच्या अपघातातले जखमी एकदमच आले आणि कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा उरली नाही. नवा डॉक्टर पाय मोडल्याने बोंब मारणाऱ्या माणसाकडे धावला, तशी जुन्या सिस्टरने त्याची बाही धरली. "अहो डॉक्टर, जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. आधी तो कोपऱ्यातला गप्प पडलेला बघा." कोपऱ्यातला तो माणूस थोडक्यात वाचला. डॉक्टरने तिला हातच जोडले.

संध्याकाळी ती दमून घरी आली. पेपर तोंडावर घेऊन आरामखुर्चीत पडलेल्या सासऱ्यांना वळसा घालून आत जाते, तोच अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचा पट्टा सुरू झाला. "मेले गं बाई, गुडघा! सकाळपासून हाका मारतेय, पण तुझे सासरे जागचे हलतील तर शपथ!"

"त्यांचे कान किटले असतील, आई," ती हसली. तिने गुडघा शेकला, मलम चोळलं, पट्टी बांधली. मग सासऱ्यांसाठी चहा घेऊन बाहेर आली.

सकाळी निघताना दिलेला कप, जाड साय धरून, खुर्चीशेजारी तसाच भरलेला होता.