दुपट्यांची दोरी

माझ्या नवऱ्याचं जहाज आज बंदराला लागलं होतं आणि संध्याकाळी पुन्हा निघणार होतं. श्रीलंका-मालदीवमधली तुटलेली इंटरनेटची केबल त्यांनी समुद्राच्या तळातून उचलून सांधली होती. आता त्याला पोरगी बघायची होती. ती झाली त्याच्या माघारी. लाखांदूरजवळच्या आमच्या गावात मोबाइलवर नुसता आवाज येतो, चेहरा दिसायला फायबरच्या तारेचं नेटच लागतं. ते वर्षभर मेलेलं होतं, काल सुरू झालं. सगळ्यांकडे आलं, आमच्याकडेच नाही. शेवटी मी लाइनमनला धरून आणलं. तो खांबावरून आमची तार शोधत थेट अंगणात आला आणि थांबला. न्हाणीपासून चिंचेपर्यंत काळी तार ताणून बांधली होती, तिच्यावर पोरीची दुपटी वाळत होती. "काकू, तार कायले तोडली?" त्यानं सासूबाईंना विचारलं. "मेलीच होती ना! लावून गेले, मंग कोणी ढुंकून नाई पाह्यलं. दोरी तरी झाली." मी त्याच्यावरच खेकसले, "आत्ताच्या आत्ता जोडून द्या!" तो म्हणाला, "जोडाची मशीन तुमसरले गेली, वहिनी. उद्या येते." तेवढ्यात फोन वाजला. नवरा खुशीत होता. "दोन देश जोडून आलो! गावात नेट आलं म्हणे. दाखव ना पोरगी." सासूबाई घाईघाईनं दुपटी काढायला लागल्या, जणू तेवढ्यानं तार जिवंत होणार होती. मी फोन कानाशी घट्ट धरला. "थांबा जी," मी म्हटलं, "तुमच्या तारेवर तिचे कपडे वाळून राहिले."