पाठवणीच्या वेळी निमकरांचे पाय

पाठवणीची गाडी फुलं लावून उभी होती आणि वधूपिता विश्राम निमकर मंगल कार्यालयाला तेविसावी फेरी मारत होते.

"बाबा, थांबा ना! मला नमस्कार करायचाय," शालू सावरत त्यांच्यामागे पळणारी ऋजुता म्हणाली.

"मी कधीचा थांबलोय गं. हे पायच चाललेत."

पाडव्याला निमकरांनी मोठ्या हौसेने दोन्ही गुडघ्यांत संकल्पयंत्रं बसवून घेतली होती. रोज दहा हजार पावलं. संध्याकाळपर्यंत झाली नाहीत, तर पाय आपले आपणच ती पुरी करत. 'घरच्या कार्याला सवलत हवी का?' असंही यंत्राने विचारलं होतं. आजवर तीन व्यायामशाळा अर्ध्यावर सोडलेल्या निमकरांनी छाती काढून 'नको' म्हटलं होतं.

"लग्नापुरती तरी सवलत घ्या म्हटलं होतं मी," निमकरबाई डोळे पुसत विहिणीला सांगत होत्या. "ऐकतील तर शपथ!"

ऋजुता दोनदा वाकली. दोन्ही वेळा पाय पुढे निघून गेले. व्याही घड्याळ पाहू लागले, तेव्हा तिने मातीत उमटलेल्या बाबांच्या पावलांवरच डोकं टेकवलं आणि ती गाडीत बसली.

निमकरांनी मान वळवून हात हलवला, तोवर पायांनी त्यांना कार्यालयाच्या मागे नेलं.

फेरी पुरी करून ते पुढे आले, तर फाटक रिकामं. तिथेच पाय थबकले.

"अभिनंदन!" उजवा गुडघा म्हणाला. "आता पाय तुमचे. हवं तिकडे जा."

निमकरांना कुठेच जायचं नव्हतं.