आठची घंटा

“मूल रडतंय तोवर घाबरायचं नाही, तिहाना. आवाज बंद झाला की धावायचं.”

व्लास्ताबाई पाळण्यावर वाकून असं म्हणाल्या, तेव्हा तिहाना नुसती हसली. बाईंनी तिला शाळेत लॅटिन शिकवलं होतं, पण मूलबाळ त्यांना नव्हतं. त्यांना काय ठाऊक? तिची नेरा रात्रभर रडायची. उजाडता उजाडता जरा डोळा लागायचा, आणि आठ वाजता समोरच्या शाळेची घंटा व्हायची. की पुन्हा सुरू.

शाळा जूनमध्येच बंद झाली होती. पहिल्या वर्गाला मुलंच मिळाली नाहीत. स्लावोनिया प्रांतातलं ते अर्धं गाव जर्मनीला गेलं होतं, उरलेलं आयर्लंडला. तिहानाचा नवराही डब्लिनच्या कुठल्याशा गोदामात खोकी उचलत होता. सम्राटाच्या काळात उघडलेली ती शाळा. सम्राट गेला, राजा गेला, झेंडे बदलले, इतिहासाची पुस्तकं दर राजवटीला नवी आली; घंटा मात्र आठलाच होत राहिली. युद्धात वर्ग तळघरात भरायचे. वीज नव्हती, घंटेची मोटर बंद पडली, तेव्हा व्लास्ताबाई मनोऱ्यात चढून हाताने दोर ओढायच्या. तिहानाच्या पिढीने ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती, की ती कानात शिरेनाशी झाली होती.

बाकं ट्रकमधून गेली. दाराला कुलूप लागलं. आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी रिकाम्या शाळेत घंटा झाली.

“मोटर बंद करायची विसरले मेले,” शेजारीण श्टेफित्सा कुंपणावरून म्हणाली. “शाळा बंद करायला एक सही पुरते गं. बटण बंद करायचं तर समिती बसवावी लागते!”

सगळ्यांना ते पटलं. गाडी थांबायची बंद झालेल्या स्टेशनातला दिवा अजून जळतच होता की.

शनिवार-रविवारी मात्र घंटा होत नसे. सर्व संतांच्या दिवशी, नोव्हेंबरातल्या सुट्टीला, गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन कबरींवर गेलं, त्या दिवशीही झाली नाही.

“यंत्र भाविक आहे,” श्टेफित्सा म्हणाली.

नेराचं वजन वाढत नव्हतं. “मुलं झोपेत वाढतात, झोपू द्या तिला,” डॉक्टर म्हणाले, जणू तिहानाच तिला उठवत होती. ती पोरीच्या नाकाखाली बोट धरून बसायची. बोटाला श्वास जाणवला की हायसं वाटायचं, आणि थोड्या वेळाने पुन्हा बोट धरायची. तिने जिल्हा कार्यालयाला फोनवर फोन केले. माणूस पाठवतो, म्हणाले.

शनिवारी व्लास्ताबाई अक्रोडाचा केक घेऊन आल्या. जिना नसलेल्या घरातही हल्ली त्यांना धाप लागायची. तिहानाने त्यांच्यापुढेच सगळं ओकून टाकलं.

“एक दिवस तरी बंद पडू दे ती घंटा, बाई. देवळात मेणबत्ती लावीन.”

बाईंनी कॉफीचा कप बशीत ठेवला. “इतकी झोपमोड होते का गं?” मग हळूच म्हणाल्या, “पण आठ वाजले हे कुणीतरी सांगायला नको का? नाहीतर हे गाव उठायचंच नाही.”

“उठायला गावात आहे कोण?” तिहाना म्हणाली.

मंगळवारी घंटा झाली नाही.

नेरा झोपून राहिली. बोटाला ऊबदार श्वास लागत होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिहानाने कॉफी गरम असताना प्यायली. बुधवारीही घंटा नाही. नेराच्या गालावर रंग आल्यासारखा वाटला. तिहानाने खरंच देवळात जाऊन मेणबत्ती लावली. येताना बाईंच्या खिडकीची झडप खाली दिसली. थंडी आहे, तिला वाटलं. झोपू दे त्यांनाही.

गुरुवारी कार्यालयाचा वायरमन मियो शिडी घेऊन फाटकात उभा राहिला.

“या मिस्त्री, या! कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही. तुमच्यामुळे पोरगी झोपली माझी.”

“माझ्यामुळे?” मियोने टोपी काढली. “मी तर आत्ता येतोय, ताई. घंटेची तक्रार तुमचीच ना? मला कळेचना, नक्की कुणी जास्त घेतलीय, तुम्ही की आमच्या साहेबाने.”

“म्हणजे?”

“मोटर चालेल कशी? शाळेची वीज मी स्वतः तोडलीय. जुलैमध्येच.”

तिहानाने बाईंच्या खिडकीकडे पाहिलं. झडप खालीच होती. तिने नेराला उचललं आणि घरातल्या चपलांनिशीच ती रस्ता ओलांडून शाळेकडे पळत सुटली.

शाळेचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. किल्ली कुलपातच. बाईंकडून ती परत मागायचं कुणाला सुचलंच नव्हतं. लॅटिनच्या वर्गातला फळा स्वच्छ पुसलेला होता. वरच्या कोपऱ्यात बाईंच्या वळणदार अक्षरात मंगळवारची तारीख होती, आणि खाली, पहिला तास.

बाई मनोऱ्याच्या जिन्याखाली पडल्या होत्या. अंगात शाळेचा निळा कोट होता. वर दोर स्तब्ध लोंबत होता.

मियो दारातच थांबला, त्याने छातीवर क्रूस काढला. तिहाना गुडघ्यांवर बसली आणि तिने बाईंच्या नाकाखाली बोट धरलं. कितीतरी वेळ धरून ठेवलं. खांद्यावरची नेरा जागी होऊन रडायला लागली. तिला कुणी गप्प केलं नाही.

तुमच्याही भिंतीपलीकडे कुणाचा तरी खोकला असेल, पहाटेचा रेडिओ असेल, वैताग आणणारा. आज तो ऐकू आला का? नसेल, तर हे वाचणं ठेवा बाजूला. आधी जाऊन दार वाजवा.