गुणाची पोर

शुक्रवार पेठेतल्या रंभाबाईकडं वळसंगाहून थोरली बहीण बजाबाई आली, की दोघी माहेरच्या आठवणींत रमून जायच्या. चोरून खाल्लेला हुरडा, बैलगाडीच्या मागं लोंबकळणं, आईचा मार चुकवायला धाकट्या बहिणीनं, तानीनं गाठलेला चिंचेचा शेंडा. मिलचा भोंगा झाला तरी हसणं थांबायचं नाही.

"आमची वच्छला बी तशीच अवखळ हुती की, अक्का," रंभाबाई म्हणाली. "पर दिवाळीपासनं लई गुणाची झालीया. हट्ट न्हाय, उलट बोलणं न्हाय. सागरगोटे सुदीक पोरींना वाटून टाकले. वाढलं तर खाती, न्हाय तर तशीच बसती."

बजाबाईनं आत डोकावून पाहिलं. चौदा वर्षांची वच्छला सुटलेली वेणी तशीच ठेवून कोपऱ्यात बसली होती.

"रंभे, आपली तानी बी अशीच गुणाची झालती," बजाबाई हळूच म्हणाली. "हिरीत उडी घेतली त्या साली. आपण समदी तिचं कौतुकच करत ऱ्हायलो."

रंभाबाई हातातलं काम टाकून उठली. लेकीजवळ बसून तिनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"वच्छे, काय हुतंय गं तुला? सांग. मी रागं भरणार न्हाय."

पोरीनं आईच्या मांडीत तोंड लपवलं. मग एकदम हुंदका फुटला आणि ती आईला बिलगून धाय मोकलून रडू लागली. रंभाबाई तिला उगी करायला गेली, तशी दारातून बजाबाई म्हणाली,

"रडू दे तिला. तानीला असं कुणी इचारलंच न्हवतं."