झाकणावरची फुली

वृंदाने करवतीचं मशीन बंद केलं, बारीक पातं सोडवून झाकण उचललं, तेव्हा नक्षीतली मधली मैना टेबलावरच राहिली. "झालं, नाना," ती पुटपुटली. नानांचं तेरावं कालच उरकलं होतं. आईसाठी करायला घेतलेल्या शिसवी पेटीचं झाकण तेवढं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. वर चिकटवलेल्या कागदावरची वेल त्यांनी कापली होती. उरली होती ती मैना, पेन्सिलीने फुली मारलेली. फुली म्हणजे कापून टाकायचं, हे काय कुणी सांगायला हवं?

आई चहा घेऊन आली आणि झाकणाकडे बघतच राहिली.

"मैना कुठं गेली गं?"

"कापली. नानांचं तेवढंच राहिलं होतं ना."

"अगं, फुली होती ना तिच्यावर?"

"म्हणूनच तर कापली!"

आईने कप खाली ठेवला. "ह्यांची फुली म्हणजे हात लावायचा नाही. सगळ्या जगाच्या उलटं चालायचं ह्यांचं. पेटी झाली होती, बाई. कागद सोलायचा तेवढा राहिला होता."

"मला कधी बोलले नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

वृंदाने झाकण टेबलावर सपाट ठेवलं आणि मैना भोकात बसवली. अगदी जागच्या जागी बसली, कापल्याचं कळतसुद्धा नव्हतं. आईने पदराने भुसा पुसला आणि झाकण दोन्ही हातांनी उचललं.

पात्याच्या जाडीएवढं लाकूड त्या भुशात गेलं होतं. मैना पुन्हा खालीच राहिली.