शेवंतीची आत्या

शर्यतीत बड्या टीमची गरुड-नऊ गाडी पुढे निघाली, तसा कडेला उभ्या मंदाकिनीचा जळफळाट झाला. वळणावर आत झुकायची ती लकब तिने स्वतःच्या शेवंती गाडीला शिकवली होती. गाडीचा मेंदू बोलू लागला तेव्हा बारसं करून कानात नावही तिनेच सांगितलं. म्हणून ती गाडीची आत्या. पुढे तांत्रिक भागीदारीत मालकांनी त्या बड्या टीमला मेंदूची नक्कल दिल्याचं सांगितलं. बारशाची आठवण तेवढी नकलेत उतरत नसे.

"उसनी अक्कल, आणि तोरा बघा!" म्हणत तिने दोन्ही गाड्यांना ऐकू जाणाऱ्या रेडिओवर हाक मारली, "शेवंते, दाखव गं हिला अस्सल कोण ते!"

तिची गाडी मुकाट धावत राहिली. गरुड-नऊने मात्र कचकन ब्रेक मारला.

"आत्या! इतके दिवस हाक का नाही मारलीस?"