भिंतीपलीकडं

जुन्नरच्या पेठेत उगमबाईंच्या किराणा दुकानाच्या पायरीवर एक लंगडं मांजर येऊन बसलं. त्यांनी त्याला घरात घेतलं खरं, पण जैनाच्या घरात त्यानं उंदीर मारला तर पाप कुणाच्या माथी, ही धास्ती काही जाईना. म्हणून त्या मांजराला पोटभर दूध-पोळी घालायच्या आणि ते झडप घालायच्या आत दुकानातले उंदीर पिंजऱ्यात धरून रोज सकाळी मागच्या भिंतीपलीकडं सोडून यायच्या.

महिन्याभरानं एका सकाळी मांजर न्हाणीपाशी तोंडाला फेस येऊन तडफडताना दिसलं. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत ते उगमबाईंच्या मांडीवरच गार झालं.

"विष खाल्लेला उंदीर याच्या पोटात गेलाय," डॉक्टर म्हणाले.

"आमच्याकडं मुंगीलासुद्धा कुणी औषध घालत नाही हो," उगमबाई पुन्हापुन्हा तेच म्हणत राहिल्या.

भिंतीपलीकडं ज्याची कांद्याची वखार होती, तो भिमाजी खाली मान घालून दारात उभा होता.

"काकू, औषध मीच टाकलं व्हतं परवा. काय करू, महिनाभर रोज नवं उंदीर वखारीत, कुठनं येत्यात तेच कळंना."